ओला कचरा गावाबाहेर पाठवायचाच कशाला?

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली आहे. गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीची फळं, निर्माल्य, केळीची पानं, पाहुण्यांच्या पंक्तीचं खरकटं... पिशव्या भरभरून कोपऱ्यावर येतील, वरून पाऊस, कुत्री पिशव्या फोडणार, आणि आपण पंचायतीच्या नावाने बोटं मोडणार. दर वर्षी हेच चालतं. म्हणून यंदा आधीच लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे. जिथे रोज मोठा स्वयंपाक होतो, तिथल्या ओल्या कचऱ्याचा गॅस तिथेच तयार व्हावा आणि तिथल्याच चुलीवर जळावा. देवस्थानांची भोजनगृहं, किनाऱ्यावरची हॉटेलं, कॉलेजांची कँटीन, मोठ्या सोसायट्या, सगळीकडे.

उत्तर गोव्यात साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला. तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यावर वीज होते. दक्षिण गोव्यात काकोड्याला तसाच प्रकल्प आहे. हे प्रकल्प हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण खरकट्यात आणि भाजीच्या देठांत निम्म्याहून जास्त नुसतं पाणी असतं. तालुक्या-तालुक्यातून डिझेल जाळून ट्रक भरभरून आपण ते पाणी वाहून नेतो. आणि गाडी चुकली, साठा वाढला की काय होतं ते मडगावच्या सोनसोड्याच्या कचराभूमीने दाखवलंय. मे २०१९ मध्ये तिथला कचऱ्याचा डोंगर पेटला, कित्येक दिवस धुमसत राहिला, मडगाव-फातोर्ड्याच्या लोकांनी तो धूर छातीत घेतला. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, तिथे ओला कचरा कुजून मिथेन तयार होतो. हाच मिथेन आपल्या शेगडीत निळ्या ज्योतीने जळू शकतो. मोकळा सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त तापवतो.

आणि आपल्या हवामानात तर हे सोपं आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आषाढात उघडा कंपोस्ट खड्डा नीट राखून बघा! पाणी भरतं, वास सुटतो, अळ्या होतात, आणि शेजाऱ्यांशी भांडण होतं ते वेगळंच. बायोगॅसची टाकी बंद असते, तिला पावसाशी देणंघेणं नाही. आतल्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब आवडते. उत्तर भारतात थंडीत गॅस कमी पडतो, आपल्याकडे थंडी अशी असतेच किती? सुरुवातीला विरजण म्हणून शेण घालायचं, कारण हे जिवाणू गाईच्या पोटात असतातच.

तंत्रज्ञानासाठी लांब जायलाही नको. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्यांपासून स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर चालणारा छोटा संयंत्र केला, त्याला २००६ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे बायोगॅसचं तंत्र उभं केलं, ते मोठ्या प्रमाणावरच्या कचऱ्यासाठी.

फोंडा तालुक्यात माझ्या ओळखीच्या एका भोजनगृहात असा संयंत्र चालतो. तिथली भाजी चिरणारी बाई दोन बादल्या घेऊन बसते. एकीत भात, डाळ, देठ, भाजीची सालं. दुसरीत लिंबाच्या फोडी, कांद्याची सालं, नारळाची करवंटी आणि सोडणं (वरची साल). पहिली बादली मिक्सरमधून काढून, तेवढंच पाणी घालून टाकीत ओततात. रात्रभर गॅस साठतो, लोखंडी झाकण वर उचललं जातं, आणि सकाळी त्याच्यावरच डाळ शिजते. पातेल्याच्या बुडाला काजळी नाही. खालून निघणारी स्लरी, म्हणजे पातळ खत, मागच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) पोफळींना जाते. कुणी पाहुणा आला की ती बाई स्वतः झाकण दाखवायला नेते. तिचा तो अभिमान मला कुठल्याही उद्घाटनापेक्षा मोठा वाटतो.

आता दुसरी बाजू. जवळच्याच एका गावात फीत कापून संयंत्र सुरू झाला आणि काही महिन्यांत बंद पडला. मी जाऊन पाहिलं. नळीत प्लास्टिकचे चमचे, झाकण गंजलेलं. जत्रेनंतर एकदम भरमसाट खरकटं ओतलं होतं, आतलं सगळं आंबून गेलं, आंबट झालं की मिथेन करणारे जिवाणू काम थांबवतात. चार दिवस खाद्य बंद ठेवून चुना घातला असता तर बहुधा सावरलं असतं. पण हे सांगायला माणूसच नव्हता. यंत्राला पैसे मंजूर झाले, माणसाला झाले नाहीत. बायोगॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो, तो लोखंड खातो. म्हणजे देखभाल लागणारच, ती पहिल्या दिवसापासून कागदावर असायला हवी.

पैशांचाही हिशेब मांडतो. दिवसाला १०० किलो खरकटं नीट वेगळं केलं तर साधारण ८ ते १० घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे जवळपास ४ किलो एलपीजी. महिन्याला १९ किलोचे सहा सिलिंडर वाचतात. आणि घनकचरा नियमांप्रमाणे दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणारे ‘मोठे कचरा-उत्पादक’च ठरतात. कळंगुट-बागाच्या कितीतरी स्वयंपाकघरांना हे सहज लागू पडेल.

येत्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी विचारणार आहे. आपल्या पंचायतीच्या हद्दीत असे मोठे उत्पादक कोण, त्यांची यादी आहे का? संयंत्राच्या निविदेत चालवणाऱ्याचा पगार आणि तीन वर्षांची देखभाल धरली आहे का? आणि स्लरी कुठल्या शेतकऱ्याला, कुठल्या भाटकाराला (बागायतीच्या मालकाला) देणार, हे ठरलंय का? तुमच्या गावात ग्रामसभा असेल तिथे तुम्हीही विचारा, आणि उत्तर काय मिळालं ते इथे लिहा.