‘प्रिंटएफ असताना डीबगर कशाला?’ कशाला ते सांगतो

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या फर्मवेअरवाल्यांच्या (यंत्राच्या चिपमधला प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या) व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: डीबगर (चिपमधला प्रोग्राम आतून तपासायचं साधन) टायमिंग बिघडवतो, महाग असतो, साइटवर कामाचा नाही; खऱ्या इंजिनिअरला प्रिंटएफ (प्रोग्राममधूनच मजकूर छापून पाहणं) पुरतं.

टायमिंगच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. चालत्या मोटर ड्राइव्हमध्ये ब्रेकपॉइंटला (प्रोग्राम थांबवायच्या खुणेला) कोअर, म्हणजे चिपमधला प्रोसेसर, थांबला आणि पीडब्ल्यूएमची (मोटरला वीज तुकड्यातुकड्यांत देणाऱ्या सिग्नलची) पिन होती तशीच चालू राहिली, तर मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा स्विच, जळू शकतो. म्हणून आधी पॉवर स्टेजचा सप्लाय काढायचा. एसटीएम३२ चिप असेल तर कोअरबरोबर टायमर आणि वॉचडॉगही (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) थांबतील अशी डीबग सेटिंग करून ठेवायची.

पण प्रिंटएफ टायमिंगला धक्का लावत नाही, हे कोणी सांगितलं? १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) एका अक्षराचे १० बिट जातात. ४० अक्षरांची ओळ जायला साडेतीन मिलिसेकंद. २० किलोहर्ट्झच्या कंट्रोल लूपची एक फेरी ५० मायक्रोसेकंदांची. ओळ संपेपर्यंत अडून राहणारा प्रिंटएफ तिथे टाकलात, तर सत्तरेक फेऱ्या गेल्या. लॉग हवाच असेल तर सेगर कंपनीचं आरटीटी वापरा: मजकूर रॅममधल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पडतो, प्रोब (चिप आणि कॉम्प्युटर जोडणारं डीबगरचं उपकरण) तो मागच्या मागे वाचतो.

मुळात डीबगर म्हणजे ब्रेकपॉइंट, एवढंच धरलं की असे मेसेज तयार होतात. पिंपळगावच्या द्राक्षबागेतला ठिबकचा कंट्रोलर घ्या. व्हॉल्व्ह किती मिनिटं उघडा ठेवायचा तो आकडा मधूनच बदलतोय, आणि कोडमध्ये तो लिहिणारी जागा तर एकच. प्रिंटएफवरून आकडा बदलला एवढं कळेल. कोणी बदलला, ते नाही. त्याच्या मेमरीतल्या पत्त्यावर राइट वॉचपॉइंट लावा, म्हणजे तिथे कोणी लिहिलं की कोअर थांबेल. कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरमध्ये असे चारपर्यंत मिळतात. तुलना हार्डवेअर करतं, त्यामुळे प्रोग्राम पूर्ण वेगाने धावतो. कोअर थांबतो तो लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या एक-दोन पावलं पुढे, म्हणून जरा मागे पाहायचं. जीएसएम (मोबाइल नेटवर्कच्या) मॉड्यूलचं उत्तर कॉपी करताना शेजारचा बफर ओलांडणारं एखादं फंक्शन तिथे सापडतं. डीएमएने (कोअरला वगळून थेट मेमरीत लिहिणाऱ्या हार्डवेअरने) लिहिलं असेल तर मात्र वॉचपॉइंट गप्प बसतो, तो फक्त कोअरची ये-जा पाहतो. तेव्हा डीएमएचा पत्ता आणि लांबी रजिस्टरमध्ये तपासा.

महाग? एसटीएम३२च्या न्यूक्लिओ बोर्डावर एसटी-लिंक हा प्रोब फुकट येतो. आपल्या पीसीबीवर एसडब्ल्यूडीच्या (प्रोब जोडायच्या) दोन तारा, रिसेट, ग्राउंड आणि व्होल्टेजचा पॅड काढला की झालं. तेवढी जागा न सोडणारा लेआउट मला तरी कंजूसपणा वाटतो.

राहिली साइट. दिंडोरीच्या शेतात लॅपटॉप घेऊन बसायला कोणी सांगत नाही. हार्डफॉल्ट (प्रोग्राम कोसळवणारी चूक) आला की हँडलरने, म्हणजे तेव्हा चालणाऱ्या फंक्शनने, स्टॅकवरचे पीसी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता), एलआर (परतायचा पत्ता) आणि फॉल्ट स्टेटस रजिस्टर रीसेटला न पुसल्या जाणाऱ्या रॅममध्ये ठेवायचे आणि पुन्हा चालू झाल्यावर पाठवायचे. ऑफिसात त्याच बिल्डची ईएलएफ फाइल (प्रोग्रामबरोबर कोडच्या ओळींची माहितीही असलेली) डीबगरमध्ये उघडली की तो पीसी कोणत्या ओळीचा ते दिसतं. त्यासाठी प्रत्येक रिलीजची ईएलएफ जपा. नुसती हेक्स फाइल ठेवून भागत नाही, तिच्यात ती माहिती नसते.