हा घाट नातवासाठी नाही

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस मधल्या खोलीत डोकावतो आणि हमखास विचारतो, "नातवासाठी केलंय का?" नाही. नातू बंगळुरूला असतो. मे महिन्यात आणि दिवाळीत येतो, आला की त्याला गाडी चालवायला देते, तो मन लावून चालवतो. पण हा घाट, म्हणजे टेबलावर केलेलं बोरघाटातल्या रेल्वेचं हे छोटं मॉडेल, माझा आहे. मी माझ्यासाठी केलाय. परवा एका मुंजीत ओळखीच्या बाईंनी चारचौघांत विचारलं, "या वयात खेळण्यांत कसं काय मन रमतं हो तुमचं?" पंगतीत बसून काय सांगणार! म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. धरणं, कालवे, मोऱ्या, भराव यांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. आधी ट्रेसिंग क्लॉथ आणि शाईचं पेन, मग ऑटोकॅड. निवृत्तीनंतर सगळ्यांनी प्रेमाने सांगितलं, आता आराम करा. भजनी मंडळ आहे, सहली आहेत, नातवंडं आहेत. त्या सगळ्याला माझी ना नाही, भजनाला मी जातेही. पण चाळीसेक वर्षं मिलिमीटरचा हिशेब ठेवलेल्या हातांना काम हवं असतं, आणि ते कुणीतरी दिलेलं नको असतं, आपलं हवं असतं. मी बोरघाट करायला घेतला.

रेल्वे मॉडेलिंगची बीजं पुण्यात खूप आधीपासून आहेत. कर्वे रस्त्यावरचं भाऊ जोशी यांचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ मध्ये सुरू झालं, तेव्हा मी मुलीला घेऊन गेले होते. दिवसाची रात्र होते, छोट्या शहरातले दिवे लागतात, गाड्या सुटतात. मुलगी दिव्यांकडे बघत होती, मी सांध्यांकडे. रूळ कुठे फुटतो, पुन्हा कुठे मिळतो, एका गाडीला थांबवून दुसरीला वाट कशी दिली जाते. एका माणसाने पुण्यात बसून हे उभं केलं, याचं मला तेव्हाही अप्रूप वाटलं आणि आजही वाटतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं, मुलं बरोबर नसली तरी पाहावं.

माझं काम एचओ स्केलमध्ये आहे, म्हणजे १:८७. भारतीय माणसाला पहिली अडचण इथेच येते. एचओचा तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा मिळतो, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवर, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावर, बेतलेला आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की १९.२६ येतात. पावणेतीन मिलिमीटर कमी पडतात! काही जिद्दी मंडळी हाताने रूळ घालून हा फरक भरून काढतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मी मात्र १६.५ वरच राहिले. चाकं, सांधे तयार मिळतात, आणि बघणाऱ्याची नजर आधी डब्याच्या अंगावर जाते, रुळावर नंतर. डब्याची रुंदी मात्र मी सोडलेली नाही. आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातला, डबा ३.२४५ मीटर रुंद, म्हणजे मॉडेलमध्ये ३७.३ मिलिमीटर. तिथे अर्धा मिलिमीटरही इकडेतिकडे मला चालत नाही.

(जाता जाता: बार्शी लाइट रेल्वेचं ७६२ मिलिमीटरचं गेज १:८७ मध्ये ८.७६ होतं, आणि एचओहून लहान असलेल्या एन स्केलचा रूळ ९ मिलिमीटरचा आयता मिळतो. इतकं नेमकं जुळणारं दुसरं उदाहरण आपल्याकडे क्वचितच असेल. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीकडच्या कुणीतरी हे मनावर घ्यावं अशी माझी फार इच्छा आहे.)

आता घाट. कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना गाडी साडेपाचशे मीटरहून जास्त उंची गाठते. ८७ ने भागलं तरी सहा मीटरच्या वर जातं, म्हणजे आमच्या डोक्यावरचे दोन मजले फोडावे लागतील. लांबी पंचवीस किलोमीटरच्या आसपास, ती मॉडेलमध्ये पावणेतीनशे-तीनशे मीटर. आमची खोली बारा फुटी. म्हणजे सगळा घाट करता येत नाही, निवडावा लागतो. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्यात माझा पहिला पूर्ण पावसाळा गेला, आणि खरं सांगते, तो काळ सगळ्यात आनंदाचा होता. पळसदरी सोडली. जामरुंग सोडलं. ठाकूरवाडीची सिग्नल केबिन ठेवली, मंकी हिलची चढण ठेवली, एक पूल, दोन बोगदे, आणि एक कॅच सायडिंग. उतरताना गाडी ताब्यात राहिली नाही तर तिला चढावर नेऊन रोखणारा तो आडवा फाटा. तो नसला तर माझ्या मते बोरघाट होतच नाही.

चढाची तीव्रता मात्र मी खऱ्यासारखीच ठेवली आहे, ३७ मीटरला एक मीटर. मॉडेलवाले सहसा एवढा चढ टाळतात, चाकं घसरतात म्हणून. खऱ्या गाडीचीही तीच अडचण होती, म्हणून तर कर्जतला मागून बँकर लागतात. कर्जतला गाडी थांबली की आपण वडे घ्यायला उतरतो, त्या वेळात मागे इंजिनं जोडली जात असतात. मला ते हवं होतं. पुढचं इंजिन ओढतंय, मागची ढकलतायत.

यात मेख अशी की पुढच्या आणि मागच्या इंजिनांचा वेग तंतोतंत जुळला नाही तर वळणावर मधले हलके डबे उचलले जातात आणि रुळावरून पडतात. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत प्रत्येक इंजिनात एक डीकोडर असतो, त्याला स्वतःचा क्रमांक असतो, आणि हुकूम रुळांतूनच जातो. दोन-तीन इंजिनांना एकाच हुकमाखाली आणता येतं. पण प्रत्येक मोटरचा स्वभाव निराळा, त्यामुळे एकेक आकडा बदलत, स्टॉपवॉच लावून, त्यांचे वेग जुळवावे लागतात. शिवाय डब्यांना वजन द्यावं लागतं. अमेरिकन मॉडेलवाल्यांच्या संघटनेचा ठोकताळा आहे, त्याप्रमाणे दहा इंची डब्याला साधारण १७० ग्रॅम. मी डब्यांच्या तळाला आतून शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या. आता सात डबे आणि मागे दोन बँकर, संपूर्ण वळण एका लयीत चढतात.

डबे सातच का? सतरा-अठरा आयसीएफ डब्यांची गाडी एचओमध्येसुद्धा साडेचार मीटर होते, खोलीत ती मावतच नाही. पण १ जून १९३० ला पहिली डेक्कन क्वीन निघाली ती सात डब्यांची होती. डब्यांचे दोन संच, म्हणजे रेक, होते, एक रुपेरी, त्यावर लाल पट्टे, आणि दुसरा गडद निळा, त्याला सोनेरी रेषा. मी निळा केला. सोनेरी रेष ड्रॉइंग पेनाने ओढली आहे. एवढ्या वर्षांचा सराव त्या एका रेषेत उतरला असं मला मनापासून वाटतं. तो घाट त्याच सुमारास विजेवर आला होता, १५०० व्होल्ट डीसी. मालगाड्यांच्या त्या काळच्या इंजिनांना माणसं खेकडा म्हणायची. खेकडा अजून करायचाय.

डोंगर मी आमच्या खात्याच्या रीतीने केला. सर्व्हेच्या नकाशावरून कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, घेतले, थर्माकोलचे थर कापून एकावर एक रचले, वर कागद आणि खळ, वर प्लास्टर. लोक विचारतात, हिरवागार पावसाळा का नाही केला, धबधबे का नाहीत? मी फेब्रुवारी-मार्च निवडला. गवत पिवळं पडलेलं असतं, पळस आणि पांगारा फुललेला असतो, आणि मुख्य म्हणजे कातळाचे थर उघडे दिसतात. सह्याद्रीचा बेसाल्ट पायऱ्यापायऱ्यांनी उभा आहे, पावसाळ्यात तो दिसतच नाही. रुळांखालची खडी खऱ्या काळ्या दगडाची आहे, खडी क्रशरची कच रव्याच्या आणि मैद्याच्या चाळणीतून चाळलेली. खऱ्या खडीचा मोठ्यात मोठा दगड ६५ मिलिमीटरचा, मॉडेलमध्ये तो पाऊण मिलिमीटर. ती पसरायची, मग फेविकॉल पाण्यात निम्मा करून, भांडी घासायच्या साबणाचा थेंब घालून, ड्रॉपरने सोडायचा. साबणामुळे पाणी खडीत मुरतं, नाहीतर वर गोळा होऊन बसतं. झाडांना घोसाळ्याची वाळकी जाळी.

दिवस असा जातो. सकाळी तळजाईला चक्कर, मग स्वयंपाक, जेवण, थोडं पडणं. दोन ते पाच माझं काम. त्या वेळात मी फोन घेत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, भिंगाच्या दिव्याखाली सोल्डरिंग करते, हात अजून स्थिर आहे. पावसाळ्यात हवा दमट असते, रुळांवर मळी लवकर धरते, तेव्हा आधी रूळ पुसायचे आणि मगच गाडी सोडायची. काही हवं असलं की तपकीर गल्ली. तिथल्या दुकानदाराला आता सवय झाली आहे, मी गेले की तो विचारतो, "काकू, पिवळा एलईडी का पांढरा?" पिवळा. जुन्या डब्यातला उजेड पिवळाच हवा. प्लायवूड भवानी पेठेतून. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर असतेच, तिथे बारीक ड्रिल, घड्याळजीचे चिमटे, काय काय मिळतं.

शनिवारी संध्याकाळी माणसं जमतात. एक रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड आहेत, एक कारखान्याच्या टूलरूममधले, आणि अलीकडे शेजारच्या इमारतीतली इंजिनिअरिंगची एक मुलगी. ती आली तेव्हा तिने थ्रीडी प्रिंटरवर बोगीची, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याची, चौकट काढून आणली होती. टूलरूमवाल्या काकांनी ती कॅलिपरने मोजली, तिला टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, समजावून सांगितला, दोघं दोन तास बोलत होते. मी चहा केला आणि ऐकत बसले. "पुढच्या पिढीशी संवाद" वगैरे विषयावर व्याख्यानं होतात. एका टेबलाभोवती खरं काम असलं की तो आपोआप होतो.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. खेळणं आणि हे यात फरक काय?

माझं माहेर नीरेचं. माझ्या लहानपणी पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता, वाफेची इंजिनं होती. १९७१ पर्यंत तो सगळा ब्रॉडगेज झाला. मला ते जुनं स्टेशन करायचं होतं. करायला बसले आणि लक्षात आलं की मला इंजिनाचा वास आठवतो, उन्हात तापलेल्या फलाटाचा चटका आठवतो, पण फलाट किती लांब होता, छपराचा उतार किती होता, पाण्याची टाकी रुळापासून किती अंतरावर होती, हे मला माहीत नाही. आमच्या घरात त्या स्टेशनचा एकही फोटो नाही. कुणी मोजलं नाही, कुणाला मोजावंसं वाटलं नाही. ते स्टेशन मी करू शकत नाही, आणि त्याची हळहळ रोज वाटते.

उलट बोरघाटातला अमृतांजन पूल. १८३० चा पूल, २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला. त्याचे आमच्याकडे कौटुंबिक सहलीचे फोटो आहेत. त्यातल्या एकात माझे दीर कमानीजवळ उभे आहेत, त्यांची उंची मला माहीत आहे, त्यावरून मी कमानीची उंची काढली. तो पूल आता १:८७ मध्ये माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात उभा आहे. घाटात मागून ढकलणारी जुनी डीसी बँकर इंजिनंही आता गेली, सगळा मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर आला. ती ज्यांनी चालवली, दुरुस्त केली, ती माणसं आज सत्तरीत-ऐंशीत आहेत, आपल्याच सोसायट्यांत राहतात, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. मॉडेल करायला बसलं की विचारावंच लागतं. पायरी किती इंचांची होती? हँडरेलचा रंग कोणता? फोटोत दिसणारी ती दोरी कशाची? गार्डकाका अशा प्रश्नांना उत्तर देताना वीस वर्षांनी तरुण होतात, हे मी दर शनिवारी बघते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. निवृत्त माणसाला वेळ कसा घालवायचा हे शिकवू नका. त्याला एक टेबल द्या, जे पाहुणे आले म्हणून आवरावं लागणार नाही. बाई असेल तर तिला दुपारचे तीन तास द्या, ज्यात तिला कुणी हाक मारणार नाही. आमच्या ह्यांनी मला हे दोन्ही दिलं, मधली खोली सोडून स्वतःचं कपाट बाहेरच्या खोलीत नेलं, आणि एका शब्दाने बोलले नाहीत. पैशांचं म्हणाल तर परदेशी इंजिन महागच पडतं, वर कस्टम ड्यूटी. मोठा सेट एकदम घेऊ नका. एक चांगलं इंजिन घ्या, बाकी सगळं हाताने करा. पुण्यात हातांना काय तोटा आहे? आयुध कारखाने, पिंपरी-भोसरीचे कारखाने, सरकारी खाती, यांतून निवृत्त झालेले किती कसबी लोक इथे आहेत! आणि स्विस गावं करू नका. ती करणारे तिकडे पुष्कळ आहेत. दौंडचं यार्ड करा, लोणंद करा, माथेरानची गाडी करा.

आता माझं एक काम करा. १९८०-९० च्या काळातला ठाकूरवाडी केबिनचा फोटो कुणाकडे असेल तर कृपया मला पाठवा. कर्जतच्या बाजूने, जिना दिसेल असा हवा. फोटोत कुणी माणूस उभा असेल तर त्याची उंची किती ते जरूर कळवा. तिथे काम केलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर मी स्वतः भेटायला येईन. जिन्याला किती पायऱ्या होत्या, यावर माझं काम अडलंय.