ग्रीस मारायला दहा मिनिटं नाहीत?

मशीन बंद पडली की पहिला फोन मला. "भाऊ, पोकलेन उभी आहे, लवकर या!" अरे, पण उभी राहायच्या आधी काय करत होता? पॅनेलवर लाल दिवा लागला होता. माझ्या मोबाइलवर अलर्ट आला, मी बुटीबोरीच्या साइटवर लगेच फोन केला. उत्तर काय? "आजच्या ट्रिपा होऊ द्या, उद्या पाहू." तो उद्या कधी उजाडतो बाप्पा?

बकेटच्या पिनांना रोज ग्रीस लागतं. परवा पिन ठोकून काढली तर ती ज्यात फिरते ते बुश झिजून अंड्यासारखं लांबट झालेलं. आत ग्रीसचा मागमूस नाही, नुसता मुरूम आणि लोखंडाचा चुरा! एअर फिल्टर बदलायचा सोडून कॉम्प्रेसरची हवा मारून तोच परत बसवतात. फिल्टरचा कागद फाटला की धूळ थेट टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा ढकलणाऱ्या पंख्यात. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर, रेडिएटरच्या जाळीत धुळीचा थर, मग इंजिन तापणार नाही तर काय होईल? डिझेल उघड्या कॅनमधून, तेही न गाळता.

मशीन दर 250 तास चालल्यावर करायची सर्व्हिस फक्त लॉगबुकात, महिनाअखेरीस एकाच पेनाने भरलेली. उद्या दाबाच्या तेलाचा पाइप, म्हणजे हायड्रॉलिक होज फुटून तापलेलं तेल हेल्परच्या अंगावर उडालं तर? ऑपरेटरला एकट्याला काय बोलू, ठेकेदार त्याला मशीन थांबवूच देत नाही!

आता बस. सकाळी ग्रीस मारल्याशिवाय चावी मिळणार नाही. चाव्या माझ्याकडे.