नौरूचे आयतोबा नेमके कोण?

निवडणुका जवळ आल्या, रेवड्यांवर वाद सुरू झाले, की नौरूची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरायला लागते. ज्यांच्यापर्यंत ती अजून पोचली नसेल त्यांच्यासाठी सारांश असा: प्रशांत महासागरात एक चिमुकलं बेट. तिथे पक्ष्यांच्या विष्ठेपासून बनलेलं फॉस्फेट सापडलं आणि लोक रातोरात गडगंज झाले. सरकारने सगळं फुकट दिलं, कर शून्य. लोक आळसावले, कामाला परदेशी माणसं ठेवली, खाऊन खाऊन जगातले सगळ्यात लठ्ठ झाले. स्वतःच्या हाताने बेट खणून संपवलं, पैसा उधळला, आणि आज भीक मागतायत. शेवटी हात जोडलेला इमोजी आणि ‘फुकटेपणाचा शेवट असाच होतो’ छापाची ओळ.

यातलं सगळंच खोटं नाही. नौरू खरोखर श्रीमंत होतं, खरोखर बुडालं, आणि तिथल्या पुढाऱ्यांच्या काही करामती वाचून कपाळावर हात मारावा लागतो. पण गोष्ट सांगणाऱ्याने हिशेबाची वही मधूनच उघडली आहे. नौरू स्वतंत्र झालं त्या १९६८ च्या आधीची साठ वर्षं त्याने उलटलीच नाहीत. म्हणून एकेक दावा घेऊ.

‘स्वतःच्या हाताने स्वतःचं बेट खणलं.’

नौरू म्हणजे २१ चौरस किलोमीटर. व्हॅटिकन आणि मोनॅको सोडले तर याहून लहान सार्वभौम देश जगात नाही. किनाऱ्याने साधारण १९ किलोमीटरचा गोल रस्ता आहे; गाडीने निघालात तर अर्ध्या तासात पुन्हा निघाल्या जागी. किनाऱ्यालगत एक अरुंद सपाट पट्टी आहे. नारळ, घरं, शाळा, सरकारी कचेऱ्या, विमानतळाची धावपट्टी, सगळं त्या पट्टीवर. मग चढ लागतो आणि वर पठार. तिथले लोकही त्याला ‘टॉपसाइड’च म्हणतात. फॉस्फेट होतं ते या पठारावर.

१८८८ मध्ये बेट जर्मनीच्या ताब्यात गेलं. पुढे सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत, दार अडवायला ठेवलेला नौरूचा दगड अल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याच्या नजरेत भरला. त्याने तो तपासला आणि ते उत्तम प्रतीचं फॉस्फेट निघालं. १९०७ च्या सुमारास खाणकाम सुरू झालं. सुरुवातीच्या काळात जमीनमालकाला मिळत होता टनामागे अर्धा पेनी. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याने बेट घेतलं आणि १९१९ मध्ये तीन सरकारांनी आपापसात करार करून फॉस्फेटची वाटणी ठरवली: ब्रिटन ४२ टक्के, ऑस्ट्रेलिया ४२ टक्के, न्यूझीलंड १६ टक्के. नौरूच्या माणसाला या करारात विचारलंसुद्धा नव्हतं.

यानंतरची गंमत फॉरवर्ड करणाऱ्यांनी नीट वाचावी. ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ नावाच्या या तिघांच्या संस्थेने माल खुल्या बाजारभावाने विकलाच नाही. जवळपास उत्पादनखर्चाच्या दरात तो ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना दिला. तिथली कुरणं आणि गव्हाची शेतं त्यापासून बनलेल्या सुपरफॉस्फेट खतावर पोसली गेली. म्हणजे रेवडी होतीच, फक्त ती वेगळ्या दारात वाटली जात होती आणि तिचं बिल नौरूच्या जमिनीवर फाटत होतं.

ती जमीन मागे कशी राहते, तेही बघण्यासारखं आहे. फॉस्फेट सलग थरात नसतं. प्रवाळी चुनखडकाचे सुळके आणि त्यांच्यामधल्या खोल खाचा, त्या खाचांमध्ये ते भरलेलं असतं. ते उपसलं की सुळके तेवढे उभे राहतात, काही तर दोन-तीन मजली इमारतीएवढे. माती गेलेली, झाड गेलेलं. त्यातून नीट चालता येत नाही, पेरणं तर दूरच.

१९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाने तोडगा काढला: सगळ्या नौरूवासीयांनी क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर राहायला जावं. पण तिथे त्यांचं स्वतःचं राज्य नसेल, ते ऑस्ट्रेलियन नागरिक होतील. १९६४ मध्ये नौरूने साफ नाही म्हटलं. ‘आयतं खाणाऱ्यांना’ आयतं बेट मिळत होतं, तरी. नंतर हॅमर डिरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी खाणीची यंत्रसामग्री त्या तीन सरकारांकडून २.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेण्याचा करार केला, आणि ३१ जानेवारी १९६८ ला देश स्वतंत्र झाला. आपलीच जमीन खणणारी यंत्रं आपणच पैसे मोजून घ्यायची, तीही ज्यांनी ती खणली त्यांच्याकडून.

तोवर बेटाचा साधारण एकतृतीयांश भाग खणून झाला होता. उरलेला मोठा भाग स्वतंत्र नौरूच्या स्वतःच्या महामंडळाने खणला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पहिल्या तिसऱ्या हिश्श्याचं काय? श्रीलंकेचे कायदेपंडित ख्रिस्तोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली नौरूने १९८६ मध्ये चौकशी आयोग नेमला. १९८९ मध्ये हा एवढासा देश ऑस्ट्रेलियाविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. हा खटला आमच्या अखत्यारीत येतो, असं न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने तडजोड करून १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं मान्य केलं. ब्रिटन आणि न्यूझीलंडनेही त्यात वाटा उचलला. चूक एकट्या नौरूची असती तर हे तिघं खिशात हात घालायला बसले नव्हते.

‘लोक आळशी, म्हणून बाहेरून मजूर आणले.’

बाहेरचे मजूर आणले ते कंपनीने, अगदी पहिल्या दिवसापासून. चीनमधून करारावर, गिल्बर्ट बेटांवरून, आसपासच्या इतर बेटांवरून. नौरूचे लोक गर्भश्रीमंत होते म्हणून नव्हे. तेव्हा ते टनामागे अर्ध्या पेनीवर होते. आणि संख्येने होते किती? साथीच्या रोगांनी वस्ती इतकी घटली होती, की १९३२ मध्ये ती पुन्हा १५०० झाली तेव्हा त्या आनंदात सण सुरू झाला. ‘अंगाम’ म्हणून तो अजूनही २६ ऑक्टोबरला साजरा होतो.

दहा वर्षांत जपानने बेट घेतलं आणि सुमारे १२०० नौरूवासीयांना ट्रुक बेटांवर वेठबिगारीला नेलं. ३१ जानेवारी १९४६ ला त्यातले ७३७ जिवंत परतले. स्वातंत्र्यासाठी हीच तारीख निवडली गेली ती यामुळे. या लोकांना आळशी म्हणणाऱ्याने निदान आराम खुर्चीतून उठून म्हणावं.

‘सगळे कोट्यधीश होते.’

सरासरी काढली की तसं दिसतं. वस्ती दहा हजारांच्या आत आणि १९७० च्या दशकात चढलेले फॉस्फेटचे भाव. भागाकार मोठाच येणार. पण रॉयल्टी जमिनीप्रमाणे मिळायची, आणि जमीन सगळ्या मुलांत वाटली जात असल्याने एकेका तुकड्याला मालकांची रांग. आपल्याकडे सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात, तशीच गत. कोणाच्या वाट्याला घसघशीत रक्कम, कोणाच्या वाट्याला चहापाण्याची.

‘खाऊन खाऊन लठ्ठ झाले.’

इथे सगळ्यात जास्त हशा पिकतो, आणि सगळ्यात कमी विचार होतो. लठ्ठपणा आणि मधुमेह तिथे भयंकर आहे, यात शंका नाही. १९७० च्या दशकातल्या पाहणीत जवळपास एकतृतीयांश प्रौढांना मधुमेह आढळला होता. पण कारण फॉस्फेटचा पैसा असेल, तर जगातल्या लठ्ठपणाच्या यादीत नौरूच्या शेजारी टोंगा, सामोआ, कुक बेटं कशी? त्यांच्याकडे फॉस्फेट नव्हतं, रॉयल्टी नव्हती. समान धागा वेगळा आहे: पिकवणं-पकडणं मागे पडून जहाजातून येणाऱ्या तांदूळ, मैदा, साखर आणि डबाबंद मांसावर आलेलं जेवण.

आणि नौरूत तर पिकवायची जागाच उपसून गेली होती. पूर्वीचं खाणं बघा: नारळ, केतकीच्या जातीच्या पँडॅनसची फळं, रीफवरचे (किनाऱ्याच्या प्रवाळी खडकांवरचे) मासे, रात्री जाळ्याने पकडलेले नॉडी पक्षी. नौरूत एक खास पद्धत होती. ‘इबिजा’ माशाची पिल्लं किनाऱ्याच्या रीफवर पकडायची, जिवंत ठेवून आत नेऊन बुआडा सरोवरात सोडायची, आणि मोठी करून काढायची. सरोवराचे भाग कुटुंबाकुटुंबांत वाटलेले. मग १९६० च्या दशकात बाहेरच्या तज्ज्ञांच्या कृपेने तिथे तिलापिया मासा आला. तो भराभर वाढला, इबिजाचं अन्न खाऊ लागला, आणि त्याला खायला लोक फारसे तयार नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांची मत्स्यशेती अशी बसली. नदी नाही, पाऊस बेभरवशाचा; फॉस्फेट न्यायला येणारी जहाजं येताना पिण्याचं पाणी आणत, असा तो काळ. अशा ठिकाणी भाजीचा वाफा करून दाखवा, मग डाएटवर बोलू.

(पोलीस प्रमुखाने लॅम्बोर्गिनी घेतली आणि तो तिच्यात मावला नाही, हा किस्सा प्रत्येक लेखात असतो. साल नसतं, नाव नसतं. सोडून देऊ.)

‘पैसा उधळला.’

हो. इथे बचाव करायला मी बसलेलो नाही. दहा हजारांच्या आतल्या वस्तीसाठी बोइंग विमानांचा ताफा ठेवला आणि वर्षानुवर्षं तोट्यात उडवला. लंडनमध्ये १९९३ साली लिओनार्डो दा विंचीवरच्या एका संगीत नाटकात रॉयल्टी ट्रस्टचे, म्हणजे फॉस्फेटची कमाई साठवायच्या निधीचे, पैसे घातले. ते नाटक काही आठवड्यांत आपटलं. पण ते गळी उतरवणारा कोण, तर सरकारचाच परदेशी आर्थिक सल्लागार, जो स्वतः त्या नाटकाच्या उभारणीत होता. ट्रस्ट पोकळ व्हायला असे सल्लागार, त्यांच्या टक्केवाऱ्या आणि कर्जावर कर्ज हे सगळं कारणीभूत आहे. मेलबर्नमधली ५२ मजली नौरू हाउस ही इमारत २००४ मध्ये देणेकऱ्यांपायी गेली.

सगळी गुंतवणूक मात्र नाटकी नव्हती. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही खतकंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नौरू प्रजासत्ताक यांची संयुक्त कंपनी म्हणूनच सुरू झाली. नौरूचा हिस्सा भारताने १९९३ मध्ये विकत घेतला. आपला कच्चा माल पुढच्या पायरीवर नेणारा कारखाना उभारणं, हे काही आयतोबाचं डोकं नव्हे. हा मुद्दा भारतात फिरणाऱ्या फॉरवर्डमध्येही नसतो, याचं मला जास्त नवल वाटतं.

पैसा आटल्यावरचे उद्योग याहून वाईट होते: टपालपेटीच्या पत्त्यावर शेकडो कागदी बँका, रशियातून आलेला काळा पैसा, पासपोर्टची विक्री. २००० मध्ये आंतरराष्ट्रीय काळ्या यादीत नाव गेलं, ते निघायला २००५ उजाडलं.

‘धड सरकार नाही, राजधानीसुद्धा नाही.’

अधिकृत राजधानी नाही हे खरं; कचेऱ्या यारेन जिल्ह्यात आहेत. २१ चौरस किलोमीटरमध्ये राजधानी कुठली आणि मुलूख कुठला? सरकार मात्र आहे. १९ जणांची एक-सभागृही संसद, तीच आपल्यातून राष्ट्राध्यक्ष निवडते. विसाव्या वर्षी मताधिकार, मतदान सक्तीचं. मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांना क्रम द्यावा लागतो: पहिल्या पसंतीला पूर्ण गुण, दुसरीला अर्धा, तिसरीला एकतृतीयांश, असं खाली. १९७१ पासून ही पद्धत चालू आहे, आणि जगात दुसरीकडे ती अशीच्या अशी सापडणं कठीण.

गोंधळही तिथे भरपूर होतो. पक्ष नावापुरते, त्यामुळे अविश्वास ठरावांनी सरकारं पत्त्यांसारखी कोसळत. २०१० मध्ये तर संसद ९-९ अशी अडकली. सभापती व्हावं तर आपल्या बाजूचं एक मत कमी होणार, म्हणून कोणी सभापती होईना. निवडणूक दोनदा झाली, कोंडी महिनोन्‌महिने राहिली. अखेर २०१३ मध्ये एक जागा वाढवून १८ च्या १९ केल्या. आघाड्यांच्या राजकारणात मुरलेल्या मराठी माणसाला यात परकं वाटण्यासारखं काही नाही.

‘आज भीक मागतात.’

आज नौरूकडे तीन लाखांहून अधिक चौरस किलोमीटरचं सागरी क्षेत्र आहे आणि त्यात टूना. १९८२ मध्ये नौरूतच झालेल्या करारातून एकत्र आलेले आठ देश परदेशी जहाजांना मासेमारीचे दिवस मोजून विकतात. पूर्वी एकेकट्याला गाठून परदेशी कंपन्या किरकोळ परवाना फीवर काम भागवत. आता भाव हे आठजण मिळून ठरवतात. याला भीक म्हणत नाहीत.

दुसरी मोठी कमाई लाजिरवाणी आहे. २००१ पासून, मधली काही वर्षं वगळता, बोटीने आलेल्या, आश्रय मागणाऱ्या लोकांना ऑस्ट्रेलिया नौरूवर ठेवते आणि त्याचे पैसे देते. त्या केंद्रांमधल्या माणसांचे हाल जगभर गाजले. पत्रकारांच्या व्हिसाची फी २०१४ मध्ये ८,००० ऑस्ट्रेलियन डॉलर केली गेली, नाकारला तरी परत न मिळणारी. नौरूवर टीका करायची तर ती इथे करा. पण हा सौदा करणारे दोघे आहेत, आणि त्यातला पैसे देणारा तोच आहे ज्याने पूर्वी फॉस्फेट नेलं.

२०१५ मध्ये नवा राखीव निधी स्थापन झाला. त्यात सरकारला लगेच हात घालता येत नाही आणि बाहेरचे देणगीदारही कारभारात बसतात. जुन्या ट्रस्टचा चटका बसल्यावरच हे शहाणपण आलं, पण आलं. आता समुद्र चढतोय, आणि वस्ती, दवाखाना, धावपट्टी सगळं खालच्या पट्टीवर आहे. सरकारची योजना आहे लोकांना हळूहळू वर न्यायची, म्हणजे त्याच खणलेल्या टॉपसाइडवर: सुळके फोडायचे, जमीन सपाट करायची, माती तयार करायची, मग घरं. त्यासाठी २०२५ पासून नागरिकत्व विकायला काढलंय, सुरुवातीची किंमत होती १,०५,००० अमेरिकी डॉलरपासून.