परवान्याचा बडगा नेमका कोणावर?

"समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, मग मासे धरायला परवाना कशाला? हा कायदा गरीब कोळ्याला नाडण्यासाठीच आहे," असा मजकूर किनारपट्टीवर मोबाइलवरून फिरतो आहे. तो वाचून संताप येतो हे खरे, पण त्यात कायद्याचा इतिहासच उलटा करून सांगितला आहे.

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. त्याआधीच्या काळात ट्रॉलर, म्हणजे मागे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौका, किनाऱ्यालगत घुसून लहान होड्यांची जाळी तोडत असत, आणि गोव्यात रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांनी, याविरुद्ध आंदोलन केल्यावर तिथला कायदा १९८० मध्ये झाला. आपल्याकडे ठिकाणानुसार ५ किंवा १० वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीपर्यंत ट्रॉलरला मनाई आहे, ती रापणीला आणि होडीला जागा राहावी म्हणूनच.

दुसरा दावा असा, की लाखांचा दंड लहान कोळ्यालाच बुडवतो. दंड लाखांत गेला तो २०२१ च्या दुरुस्तीने: विनापरवाना यांत्रिक नौकेला ५ लाखांपर्यंत, एलईडीच्या मासेमारीला ५ ते २० लाख. पूर्वी दंड मासळीच्या किमतीशी जोडलेला होता, आणि एका रात्रीत टनावारी बांगडा उचलणारा तो हसत भरत असे. एलईडीची नौका जनरेटर लावून प्रखर दिवे पाण्यावर सोडते, उजेडाला जमलेला थवा पर्ससीन जाळ्याने वेढून एकाच ओढीत उचलला जातो, आणि पहाटे तिथेच जाळे टाकणाऱ्या बिगरयांत्रिक होडीच्या हाती दोन-चार टोपल्याही लागत नाहीत. मग हा दंड कोणाला खुपतो?

"१२ सागरी मैलांपलीकडे कायदाच नाही" हेही चूक. तिथे अधिकार केंद्राचा आहे. एलईडीवर केंद्राची बंदी नोव्हेंबर २०१७ पासून आहे, आणि नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी यांत्रिक नौकांना प्रवेशपास लागू करताना पारंपरिक मच्छीमारांना त्यातून वगळले आहे.

"पकडले जातात ते लहानच" या तक्रारीत मात्र तथ्य आहे. हायस्पीड ट्रॉलर गस्तीनौकेच्या हाती सहज लागत नाही, आणि खटले पूर्वी तहसीलदाराकडे चालत, ज्याच्या टेबलावर महसुलाचा ढीग आधीच असे. २०२१ नंतर हे काम मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आले, आणि जानेवारी २०२५ पासून ड्रोनची गस्तही सुरू झाली. तरीही माझ्या मते खरी ढिलाई पाण्यात नसून धक्क्यावर आहे. खोल समुद्रात कितीही पळालेली नौका शेवटी मासळी उतरवायला जेटीलाच लागते. तिथे लिलावाआधी तांडेलाकडे, म्हणजे नौकेच्या प्रमुखाकडे, परवाना मागणे आणि जाळ्याचे आस, म्हणजे जाळ्याच्या भोकांचे माप, मोजणे यासाठी ना ड्रोन लागतो ना गस्तीनौका.