प्रॉपर्टीची वाटणी

"कालपासून प्रॉपर्टीच्या वाटणीत अडकलोय," असं मी फोनवर बोललो आणि शेजारी भरीत-भाकरी खात बसलेल्या अमळनेरच्या मामांचा घास हातातच राहिला.

"कोनी प्रॉपर्टी? कितला एकर शे?"

मामांचं अर्धं आयुष्य भाऊबंदकीच्या तारखांवर गेलेलं. मी सांगितलं, मामा, वेबसाइटची आहे. साइटवर कोण आलं, किती थांबलं याचा हिशेब गूगल ॲनालिटिक्स ठेवतं. त्या खात्यातल्या वहीला प्रॉपर्टीच म्हणतात.

"मंग सातबारा कोना नाववर शे?"

मामांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. सातबारा एका पोराच्या खासगी जीमेलवर होता. पोरगं नोकरी सोडून पुण्याला गेलेलं. त्याची मनधरणी करून खातं परत मिळवण्यात अख्खा एप्रिल गेला, आणि जळगावचा एप्रिल म्हणजे काय ते निराळं सांगायला नको.

आमचा समूह मोठा. बियाणं, पतसंस्था, कॉलेज, वर एक मंगल कार्यालय. वेबसाइट मात्र एकत्र कुटुंबासारखी एकच. जुन्या ॲनालिटिक्समध्ये सोय होती: एका प्रॉपर्टीत २५ व्ह्यू काढता येत. मी रावेर, यावल, चोपडा असा ज्याला त्याला आपापला झरोका काढून दिला होता. फिल्टर चुकला की त्या झरोक्यातला आकडा कायमचा गेला, एवढंच दुखणं. पण १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळं निघालं, आणि १ जुलै २०२३ ला त्या जुन्या ॲनालिटिक्सने नवे आकडे घेणं थांबवलं. आमच्याकडे ही तारीखच वाटणीची.

नव्यात ते व्ह्यू नाहीत. एका प्रॉपर्टीतून पोटहिस्से काढायची सोय आहे, पण ती पैसे भरून मिळणाऱ्या ‘३६०’ या आवृत्तीत. साहेब म्हणाले, "फुकटात काय बसतं ते सांगा." फुकटात चार वेगळ्या प्रॉपर्टी, म्हणजे चार चुली बसत होत्या. मांडल्या.

महिनाअखेर चारही विभागांचे साइटवर आलेले पाहुणे एकत्र मिळवले, तर बेरीज एकत्र असतानाच्या आकड्यापेक्षा जास्त! साहेब खूश. मी घाबरत सांगितलं, की सावद्याचा एकच शेतकरी सकाळी बियाणं बघतो, दुपारी पोरीच्या ॲडमिशनचं पान उघडतो, रात्री हॉलचं भाडं बघतो. तो तिन्ही वह्यांत एकेकदा चढतो. साहेबांनी "बरं" म्हटलं आणि बेरीज तशीच अहवालात घातली. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, जमीन वाटता येते, विहिरीची पाळी लावावी लागते. साहेबांपेक्षा मामांना ॲनालिटिक्स लवकर कळलं.

खरं महाभारत पुढेच. हक्क कुणाला कोणता? ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, मार्केटर, ॲनालिस्ट आणि व्ह्यूअर अशी उतरंड असते. सभेत शेवभाजीचा रस्सा पुसून झाल्यावर मी यादी वाचली. मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक आप्पा उभेच राहिले.

"व्ह्यूअर म्हणजे?"

"म्हणजे... फक्त बघायचं."

"तीस वर्षं नोकरी केली आणि मी बघ्या?"

पतसंस्थेच्या अण्णांचं दुःख आणखी खोल. उत्पन्नाचे आकडे झाकून हक्क देता येतो, आणि वरून हुकूम आल्यामुळे मी तसा दिला होता. "सगळ्यांच्या तिजोरीच्या किल्ल्या माझ्याकडे, आणि बियाण्याची विक्री माझ्यापासूनच झाकता?" त्यांनी ताकाला हात लावला नाही. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "द्या सगळ्यांना ॲडमिन." दिलं.

तेराव्या दिवशी कॉलेजची प्रॉपर्टी गायब.

डिलीट केलेली प्रॉपर्टी ३५ दिवस कचरापेटीत पडून असते, म्हणून वाचलो. पेटीतून उचलून जागेवर ठेवली. बदलांच्या नोंदीत कर्त्याचं नाव होतं: आप्पा.

"मला हॉलचं बघायचं होतं. मधे कॉलेज येत होतं," आप्पा शांतपणे म्हणाले.

मग मी सगळ्यांचं ॲडमिन काढलं. आप्पांना मात्र व्ह्यूअर म्हणायची हिंमत झाली नाही, ॲनालिस्ट केलं. त्यांना ते भलतंच आवडलं. मोठ्या मुलाच्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावाखाली छापलं होतं: 'ॲनालिस्ट, मुख्य कार्यालय, जळगाव'.

काल परत फोन आला. "भाऊ, धाकट्याचं जमलं. एडिटर करता का? पत्रिका सोमवारी छापायला टाकायच्यात."