एसएसडी दिसत नाही म्हणून विंडोज फॉरमॅट मारू नका

सध्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लिनक्स टाकताना लॅपटॉपची एसएसडी दिसली नाही तर म्हणे: १) लिनक्सला त्या एसएसडीचा सपोर्टच नाही, २) इंटेलचा आरएसटी (डिस्क सांभाळणारा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकून इन्स्टॉलरला द्या, ३) बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) डिस्कचा मोड रेडवरून एएचसीआयवर न्या, विंडोज उठलं नाही तर फॉरमॅट मारा, ४) एएचसीआय केलं की स्पीड अर्धा होतो. माझा भाचा हे वाचून खरंच फॉरमॅट मारायला बसला होता, कॉलेजचं प्रोजेक्ट त्याच विंडोजमध्ये आणि बॅकअप कुठेच नाही.

तिसऱ्यापासून सुरू करतो, नुकसान तिथेच आहे. एएचसीआय करणं हा बहुतेक वेळा बरोबर उपाय आहे, तेवढं मान्य करावं लागेल. पण विंडोज उठत नाही म्हणजे ते मेलं असं नाही हो! ते इतके दिवस इंटेलच्या ड्रायव्हरवर बूट होत होतं, मोड बदलल्यावर जो ड्रायव्हर लागतो तो विंडोजमध्ये असतोच, फक्त बूटच्या वेळी चालू व्हायला सेट नसतो, म्हणून 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'ची निळी स्क्रीन येते. डेटा जागेवरच असतो. परत रेड करा, विंडोज उठेल. मग एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटला टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये उठलं की टिक काढून परत रीस्टार्ट, झालं. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घ्या, मोड बदलल्यावर ती मागू शकतं आणि नसेल तर मात्र डेटा अडकू शकतो. ऑप्टेन (इंटेलची डिस्क वेगवान करणारी कॅश मेमरी) चालू असेल तर आधी विंडोजमधून बंद करा, आणि दोन डिस्क जोडून केलेलं खरं रेड असेल तर बॅकअप घेतल्याशिवाय हातच लावू नका.

सपोर्ट नाही म्हणणाऱ्यांनी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवून) बूट करून डीमेसेज, म्हणजे कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड, बघावी. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच सांगतो की रिमॅप केलेली (दुसऱ्या कंट्रोलरमागे वळवलेली) एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची एसएसडी, सापडली आहे, वापरायची तर बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या. म्हणजे एसएसडीचा ड्रायव्हर आहे, इंटेलच्या रेड मोडने ती साटा (जुन्या पद्धतीच्या डिस्क जोडणीच्या) कंट्रोलरच्या मागे लपवलीय. हे उघडायला २०१९ मध्ये एंडलेस नावाचं लिनक्स बनवणाऱ्यांनी पॅच (कोडमधला बदल) दिला होता, मुख्य कर्नलने घेतला नाही, कारण इंटेलने त्याची पुरेशी माहितीच दिलेली नाही. दोष द्यायचाच तर तिकडे द्या.

पेनड्राइव्हवरचा तो ड्रायव्हर विंडोजचा आहे, लिनक्स इन्स्टॉलर त्याचं काहीच करू शकत नाही.

आणि स्पीड? एनव्हीएमई एएचसीआयमधून चालतच नाही, ते साटासाठी. मोड बदलल्यावर एनव्हीएमई थेट पीसीआयवर दिसते, अर्धा स्पीड कुठून येणार?

इंटेलच्या ११व्या जनरेशनपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये भानगड व्हीएमडीची (एनव्हीएमई हाताळणाऱ्या इंटेलच्या नव्या व्यवस्थेची) असते, ती वेगळी. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, त्यामुळे आधी नवी आयएसओ (लिनक्सची इन्स्टॉल फाइल) वापरून बघा, तरी नाही दिसली तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा, पण सेफ बूटची वरची पद्धत तिथेही करायची. बायोसमध्ये ऑप्शनच नसेल तर बायोस अपडेट शोधा, २०१६ मध्ये योगा ९०० च्या एका मॉडेलला एएचसीआय नव्हतंच, लोकांनी ओरड केल्यावर लेनोवोने लिनक्ससाठी वेगळं बायोस काढलं होतं.